झाकणाखालचं कूपन

ऑइलच्या डब्याचं सील फोडलं की झाकणाच्या आत एक कूपन निघतं. पूर्वी प्लॅस्टिकची चकती असायची, मग खरवडायचा नंबर आला, आता क्यूआर कोड. डब्याचे पैसे गिऱ्हाईक मोजतं आणि कूपन मेकॅनिकच्या खिशात जातं. कूपनाचे गुण होतात, गुणांचे पैसे होतात, मिक्सर होतो, एखाद्या वर्षी परदेशाची सहल होते. आमच्या घरातला पहिला रंगीत टीव्ही असाच आला. त्या टीव्हीचे पैसे सणसर-लासुर्ण्याच्या शेतकऱ्यांनी थोडे थोडे भरले होते आणि त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असंही तेव्हा वाटलं नव्हतं.

बारामती-इंदापूर रस्त्यावर सणसरमध्ये माझं ऑइल आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. दुकानाला लागून एक छोटं गॅरेज आहे. दोन मेकॅनिक असतात, हंगामात तिसरा येतो. आमच्या धंद्याचं वर्ष कारखान्याच्या भोंग्यावर चालतं. भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना सुरू झाला की डबल ट्रॉली लावलेल्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गाळप संपून पट्टा पडेपर्यंत आम्हाला मान वर करायला सवड नसते. निम्मा माल उधारीवर जातो. वाहतुकीचं बिल निघालं की लोक येऊन वहीतलं नाव खोडून जातात. पंचवीस वर्षांत बुडवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. लोकांनी माझ्यावर टाकलेला विश्वास मात्र मी कितीदा बुडवला, हे मोजायला लागलो तेव्हा बोटं पुरली नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

मी शिकलो बारामतीच्या एका गॅरेजात. तिथे कोपऱ्यात दोनशे दहा लिटरचं बॅरल उभं असायचं आणि हातपंपाने मापात ऑइल काढायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘चाळीस नंबर द्या.’ गिअरबॉक्सला नव्वद नंबर. या दोन नंबरांत सगळं शास्त्र संपायचं. नव्वदच्या दशकात ऑइलचा बाजार खुला झाला आणि रंगीत डबे आले. बॅरल मागे सरकलं. डब्यांबरोबर ऑइललाही रंग आले, कुठे लाल, कुठे हिरवट. लोक रंगावर भाळायचे. ‘ते लाल द्या, लालनं इंजिन गार राहतं,’ असं मला कित्येकांनी सांगितलं आहे. रंग म्हणजे नुसता घातलेला रंग. ऑइलच्या गुणाशी त्याचा काही संबंध नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी लाल डबा पुढे सरकवत होतो.

मग ‘सिंथेटिक’ हा शब्द आला.

तो मी पहिल्यांदा ऐकला बारामतीच्या एका हॉटेलात, ‘मेकॅनिक मीट’ला. असे मेळावे कंपन्या भरवतात. जेवण असतं, टोपी आणि टी-शर्ट मिळतो, पडद्यावर एक चित्रफीत दाखवतात. कंपनीच्या माणसाने दोन बाटल्या समोर धरल्या. एकीत काळपट, एकीत सोनेरी. म्हणाला, ‘हे ओढ्याचं पाणी आणि हे फिल्टरचं. तुमच्या गिऱ्हाइकाला कोणतं पाजणार?’ आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य मी माझं करून टाकलं. ज्याला ऑइलमधलं काही कळत नाही त्याला पाण्याचं उदाहरण लगेच पटतं. सिंथेटिकच्या डब्याची किंमत साध्याच्या दुपटी-तिपटीने आणि कूपनही मोठं. सिंथेटिक म्हणजे नक्की काय, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडे पाण्यापलीकडे उत्तर नव्हतं.

आमच्या भागात एक दूधवाला होता. पहाटे मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन लावून वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचा आणि डेअरीला घालायचा. एकदा ऑइल बदलायला आला. माझ्याकडे एका चारचाकीच्या ऑइलचा नवा माल आला होता, पाच-डब्ल्यू-तीस, पूर्ण सिंथेटिक. टार्गेटला थोडेच डबे कमी होते. मी त्याला म्हणालो, ‘दादा, गाडीवर घर चालतंय तुमचं. एकदा भारीतलं घालून बघा.’ त्याने घातलं. पंधरा दिवसांनी परत आला. कॅन भरलेले असले की कालव्याच्या चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. मी म्हणालो, क्लच प्लेटा गेल्या. नव्या टाकल्या, पैसे घेतले. महिन्याने परत तेच. त्या दिवशी तो काउंटरला टेकून उभा राहिला. आवाज अजिबात चढवला नाही. ‘आवं, तुमी सांगितलं म्हून टाकलं. आता काय करू तेबी तुमीच सांगा.’

मला सांगता येईना. मी सीट काढली आणि खालच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं गाडीचं पुस्तक निघालं. पिशवी कधी उघडलीच नव्हती. त्यात ऑइलचं पान होतं: दहा-डब्ल्यू-तीस आणि पुढे ‘जासो एमए’. या दोन अक्षरांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑइलात बुडलेला असतो. चारचाकीचा क्लच वेगळा, कोरडा. चारचाकीच्या पातळ ऑइलात घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, डिझेल-पेट्रोल वाचावं म्हणून. तेच ऑइल मोटारसायकलमध्ये गेलं की क्लच प्लेटा घसरतात. म्हणून जपानी वाहन उद्योगाच्या ‘जासो’ने ओल्या क्लचसाठी एमए आणि एमए-२ अशा खुणा ठरवल्या. गिअर नसलेल्या स्कूटरला एमबी. मोटारसायकलसाठी बनवलेलं, एमए-२ खूण असलेलं सिंथेटिक ऑइल मिळतं आणि उत्तम असतं. मी घातलेलं ऑइलही चांगलंच होतं, पण दुसऱ्या यंत्रासाठी केलेलं. माझ्या दुकानात ऑइलची किंमत हाच ऑइलचा गुण ठरला होता.

ऑइल बदलून दिलं, प्लेटा परत टाकल्या, पैसे घेतले नाहीत. पण पहिल्या प्लेटांचे पैसे त्याला परत द्यायला मला तीन महिने लागले. रोज पहाटे तो दुकानावरून जायचा, हात करायचा, आणि मी हात करायचो. ते तीन महिने मला आजही आठवतात. पैसे दिले तेव्हा त्याने मोजले नाहीत, खिशात घातले आणि म्हणाला, ‘ह्ये मी इसरलो हुतो.’ तो विसरला नव्हता.

त्यानंतर मी वाचायला लागलो. गावातला एक मुलगा पुण्याला मेकॅनिकल शिकत होता, त्याने इंग्रजीतले कागद आणून दिले आणि दोन उन्हाळे बसून समजावले. अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेने, म्हणजे एपीआयने, आधारतेलांचे पाच गट पाडले आहेत. डब्यातल्या ऑइलचा मोठा भाग हे आधारतेल असतं, उरलेली रसायनं. पहिला आणि दुसरा गट म्हणजे क्रूडपासून काढलेलं नेहमीचं तेल. तिसरा गटही क्रूडचाच, पण हायड्रोजनच्या मोठ्या दाबाखाली रेणू तोडून, फिरवून, पुन्हा जुळवून इतकं साफ केलेलं की तापमान बदललं तरी त्याचा दाटपणा फारसा बदलत नाही. या गुणाचा एक आकडा असतो, तो तिसऱ्या गटात १२० किंवा त्याहून जास्त लागतो. चौथा गट म्हणजे पीएओ, लहान रेणू जोडून कारखान्यात घडवलेलं तेल. उरलेलं सगळं, एस्टर वगैरे, पाचव्यात.

सिंथेटिक म्हणजे घडवलेलं. मग ते नाव फक्त चौथ्या-पाचव्या गटाचं असायला हवं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण १९९९ साली अमेरिकेत याच शब्दावरून दोन बड्या कंपन्यांचा वाद झाला. मोबिलचं म्हणणं होतं की कॅस्ट्रॉलच्या ‘सिंटेक’मध्ये आता घडवलेलं आधारतेल नाही, क्रूडपासून शुद्ध केलेलं आहे, तेव्हा त्याला सिंथेटिक म्हणू नये. जाहिरातींबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या ‘नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजन’ने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. मूळ तेलाचे रेणू इतके बदलले असतील तर सिंथेटिक म्हणायला हरकत नाही, असा त्याचा मथितार्थ. ही संस्था म्हणजे न्यायालय नव्हे, पण त्यानंतर तिसऱ्या गटाचं तेल जगभर सिंथेटिक म्हणून विकलं जाऊ लागलं. जर्मनीत मात्र ‘पूर्ण सिंथेटिक’ हे शब्द पीएओ-एस्टरसाठी राखतात आणि तिसऱ्या गटाच्या तेलावर ‘एचसी सिंथेसिस’ असं लिहितात.

तिसऱ्या गटाचं तेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते चांगलं आहे, बहुतेक गाड्यांना पुरून उरतं. माझं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडच्या डब्यावर ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहितात, ‘सेमी सिंथेटिक’ लिहितात, ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’ लिहितात. सेमी म्हणजे किती? निम्मं, की शंभरात दहा? टेक्नॉलॉजी म्हणजे आत सिंथेटिक आहे, की बनवताना ते शब्द कुणाच्या मनात होते? डबा उलटासुलटा करून बघितला तरी आधारतेल कोणत्या गटातलं, हे बहुतेक डब्यांवर सापडत नाही. मी काउंटरवर बसतो, मलाच कळत नाही, तर भेंडीच्या तोड्यावरून थेट आलेल्या माणसाला काय कळणार? त्यात डब्यावरचं सगळं इंग्रजी. पॅकबंद मालावर कायद्याने सांगितलेला मजकूर हिंदी देवनागरीत किंवा इंग्रजीत चालतो, आणि ऑइलच्या बाबतीत तो इंग्रजीतच येतो. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींविरुद्ध नियमावली काढली. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खालचा खुलासाही हवा, असं त्यात म्हटलं आहे. हा नियम वाचला तेव्हा बरं वाटलं. आमच्याकडे भिंतींवर दावे मराठीत रंगवलेले असतात आणि खुलासा डब्याच्या पाठीवर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

आता मी गिऱ्हाइकाला डब्यावरच्या शब्दापेक्षा खुणा वाचायला शिकवतो. एपीआयचा गोल शिक्का असेल, मेदूवड्यासारखा मधे भोक असलेला, तर त्या कंपनीने संस्थेचा परवाना घेतला आहे. नुसतं ‘एपीआय एसएनची पूर्तता करते’ असं लिहिलं असेल तर ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं. खरं असेलही, पण म्हणणं. पेट्रोल इंजिनाला एसपासून सुरू होणारी अक्षरं, डिझेलला सीपासून, आणि दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नव्या इंजिनाच्या गरजेचं. एसपी २०२० सालचं आहे, डिझेलचं सीके-४ २०१६ सालचं. एसएफ बघितलं की मी डबा परत ठेवायला सांगतो. एपीआयच्याच तक्त्यात लिहिलं आहे की १९८८ नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही. तरी असा माल स्वस्तात फिरतो. कारण खोका नवा असतो आणि शब्द मोठे असतात.

एका ट्रॅक्टरवाल्या अण्णांचं इंजिन दोन हंगामांत बसलं. निळा धूर, ऑइल पिणं, शेवटी लायनर-पिस्टन. ते माझ्याकडूनच महागडं सिंथेटिक घेत होते. मीच सांगितलं होतं की हे दुप्पट तास चालतं. पुस्तकात अडीचशे तास लिहिले होते, ते पाचशेला बदलायचे. इंजिन उघडलं तेव्हा मला वाटलं ऑइल नकली निघालं. मेकॅनिकने एअर क्लीनरचा रबरी पाइप हातात दिला. क्लिप ढिली, पाइपाला बोटभर चीर. उसाच्या फडातली, कच्च्या रस्त्याची सगळी धूळ गाळणीला बगल देऊन दोन वर्षं सरळ सिलिंडरमध्ये जात होती. पीएओ असतं, एस्टर असतं, काहीही असतं तरी त्या वाळूपुढे टिकलं नसतं. उलट ऑइल दर अडीचशे तासांनी बदललं असतं तर निदान कुणीतरी बॉनेट उघडून ती चीर बघितली असती. महाग ऑइलने आम्हाला इंजिनाकडे न बघण्याची मुभा दिली. ‘दहा हजार किलोमीटर’ असं डब्यावर छापतात तेव्हा ते खोटं नसतं, पण ते किलोमीटर कुठले, हे छापत नाहीत. रात्रभर रांगेत दहा-दहा पावलं पुढे सरकणाऱ्या, ओव्हरलोड ओढणाऱ्या इंजिनाचे किलोमीटर ते नसतात.

अण्णांनी मला दोष दिला नाही. ‘पाइप माझाच हुता,’ म्हणाले. पण पाचशे तासांचा सल्ला माझा होता.

कूपनाची गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. मी मनाशी ठरवलं की कूपन गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि त्याची रक्कम बिलातून कमी करायची. काउंटरवर मराठीत पाटी लावली: ‘डब्यातल्या कूपनाची रक्कम बिलातून वजा होईल. विचारून घ्या.’ आठ दिवसांत माझा जुना मेकॅनिक काम सोडून गेला. त्याने मला जे ऐकवलं ते मी विसरलेलो नाही. ‘मालक, ऑइल बदलायची मजुरी किती घेता तुम्ही? लोक म्हणतात, बोल्ट तर फिरवायचाय, त्याचे कसले पैसे? कूपनावर माझ्या पोरांची फी जाते. तुमचं खरं बोलणं माझ्या ताटातून चाललंय.’

तो खरं बोलत होता. आपण मजुरीत घासाघीस करतो. डोकं आणि हात वापरणाऱ्याला पन्नास रुपये देताना आपला जीव जातो, आणि डब्यावर छापलेली किंमत मात्र निमूट मोजतो. कंपन्यांना हे नेमकं कळलं आहे. मजुरीतून जे मिळत नाही ते त्यांनी झाकणाखाली ठेवलं. मग मेकॅनिक कुणाचा? ज्याचं इंजिन आहे त्याचा, की ज्याचं कूपन आहे त्याचा? मी मजुरी वाढवली आणि ती बिलावर वेगळ्या ओळीत लिहायला लागलो. पहिले दोन हंगाम फार वाईट गेले. लोक मजुरीची ओळ बघून पुढच्या गावाला जायचे, तिथे मजुरी फुकट होती. घरात बायकोने दोनदा विचारलं की पाटी काढता का. मी काढली नाही, पण काढायच्या अगदी जवळ आलो होतो. तिसऱ्या हंगामात काही ट्रॅक्टरवाले परत आले. दोन्हीकडच्या बिलांची बेरीज केली तर फरक फार नाही, हे त्यांचं त्यांनी काढलं होतं. सोडून गेलेला मेकॅनिक परत आला नाही. त्याचं आता स्वतःचं गॅरेज आहे, कूपनं तो घेतो, आणि आमचं बोलणं आहे.

छापील किमतीबद्दलही एक कबुली राहिली. ऑइलच्या डब्यावरची एमआरपी आणि दुकानदाराला तो पडतो ती किंमत यांत मोठी फट असते. त्या फटीतून मी वर्षानुवर्षं ‘खास तुमच्यासाठी’ सूट देत आलो. ज्याला भाव माहीत त्याला जास्त सूट, ज्याला माहीत नाही त्याला शंभरात पाच. म्हातारी माणसं आणि एकट्या आलेल्या बाया यांना सगळ्यांत कमी. आता एकच भाव आहे आणि तो पाटीवर असतो. लिटरचा, नऊशे मिलीचा आणि आठशेचा डबा शेजारी ठेवला की कोणता स्वस्त हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून पाटीवर लिटरमागे भाव लिहितो.

दरवर्षी आषाढीच्या वाटेवर तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि संध्याकाळी ती आमच्या सणसरला मुक्कामाला येते. दुसऱ्या दिवशी बेलवाडीचं गोल रिंगण. आमच्या अंगणात मराठवाड्यातली एक दिंडी उतरते, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. दिंड्यांबरोबर ट्रक, टेम्पो, पाण्याचे टँकर असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना सणसरला ऑइलची काडी बघायची आठवण होते. दुकानाचा तो वर्षातला मोठा दिवस. आणि मी वर्षभर न खपलेला माल त्या दिवसासाठी बाजूला ठेवायचो. सीएफ-४चे जुने डबे, लेबल फिकटलेले. ही माणसं उद्या बेलवाडीला, मग इंदापूरला, पुन्हा कधी येणार? ओळखीच्या गिऱ्हाइकाशी मी कसाही वागलो तरी थोडा वचकून असायचो. या लोकांसमोर वचक नव्हता.

एका वर्षी रात्री दहाला एक ड्रायव्हर आला. इंजिनात ऑइल कमी झालं होतं. गाडीला सीआय-४ लागत होतं. माझ्याकडे ते होतं, पण मी जुन्यातलं पाच लिटर दिलं. दुकान बंद करून घरी गेलो तर तो आमच्या अंगणात पंगतीला बसलेला. आमच्याच दिंडीचा ट्रक, ड्रायव्हर त्या वर्षी नवा. माझी आई त्याच्या ताटात पिठलं वाढत होती. मला बघून तो शेजारच्या म्हाताऱ्या वारकऱ्याला म्हणाला, ‘ह्या माउलींनी रातच्याला दुकान उघडं ठिवलं म्हणून ऑइल भेटलं.’ म्हाताऱ्याने बसल्या जागेवरून मला हात जोडले.

मी जेवलो नाही. पहाटे पालखी निघण्याआधी सीआय-४चा डबा घेऊन ट्रकपाशी गेलो आणि पैसे न घेता दिला. पंढरपूरला पोचल्यावर सगळं ऑइल काढून हे घाला, एवढं सांगितलं. का, ते सांगितलं नाही. ते राहिलं. पाच लिटर जुन्या ऑइलने त्या इंजिनाचं काही बिघडलं नसेलही. पण माणूस परत येणार नाही म्हणून मी त्याला ते दिलं होतं, एवढं मला पुरे होतं. आता पालखीच्या आठवड्याआधी जुना माल काउंटरवरून काढतो आणि वितरकाला परत करतो. घेत नसेल तर नुकसान सोसतो.

रिकाम्या डब्यांचं मला उशिरा कळलं. भंगारवाला साध्या प्लॅस्टिकला किलोचा भाव द्यायचा आणि काही ठरावीक ब्रँडच्या डब्यांना नगावर पैसे, झाकण धड असेल तर जास्त. मी विचारलं नाही, घेत राहिलो. मग एक दिवस माझ्याकडे एक गिऱ्हाईक डबा घेऊन आलं, दुसऱ्या गावात घेतलेला, स्वस्तात. सील ठीक, होलोग्राम ठीक. ऑइल ओतलं तर जळक्या ऑइलचा वास. वापरलेलं ऑइल नीट प्रक्रिया करून पुन्हा आधारतेल करता येतं, त्याचे परवानाधारक कारखाने आहेत, आणि २०२४च्या एप्रिलपासून जुनं ऑइल गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कायद्याने कंपन्यांवर टाकली आहे. हे मात्र फडक्यातून गाळलेलं काळं ऑइल होतं. डबा कुठून आला असेल? माझ्यासारख्याच दुकानातून. त्या दिवसापासून काउंटरपाशी ऊसतोडीचा एक कोयता ठेवला आहे. ऑइल ओतून झालं की गिऱ्हाइकासमोर डब्याला आडवा घाव घालतो. भंगारवाल्याने माझ्याकडे यायचं सोडलं, दुसरा येतो.

लोक मला अजून विचारतात की हे खरंच सिंथेटिक आहे का. टीपकागदावर ऑइलचा थेंब टाकून मी दाखवतो. थेंब पसरतो, मधे काजळी किती, कडेला किती, यावरून जुन्या ऑइलची तब्येत थोडीफार कळते. पण सिंथेटिक की साधं, हे त्यावरून कळत नाही, हेही लगेच सांगतो. ते प्रयोगशाळेचं काम आहे. आमच्या हवेत पहाटेचं तापमान गोठण्याच्या आसपासही जात नाही, तेव्हा जुन्या ट्रॅक्टरला वेळेवर बदललेलं साधं पंधरा-डब्ल्यू-चाळीस पुरतं, असं मी सरळ सांगतो. टर्बो असलेली नवी गाडी असेल तर सिंथेटिकचे पैसे वाया जात नाहीत. बीएस-६ डिझेल असेल, धुराला गाळणी लावलेली असेल, तर कमी राखेचंच ऑइल लागतं, तिथे काटकसर करू नका म्हणतो. आणि आधी गाडीचं पुस्तक मागतो. बहुतेकांचं पुस्तक अजून पिशवीतच असतं.

मागच्या आठवड्यात एक शिक्षिका स्कूटर घेऊन आल्या. आठशे मिलीचा डबा मी काउंटरवर ठेवला, एमबीची खूण दाखवली. त्यांनी डबा हातात घेतला, पाटी वाचली आणि झाकण फिरवायच्या आधी विचारलं, ‘काका, ह्यातलं कूपन कुणाचं?’ मी सांगितलं की कोड मेकॅनिकच्या ॲपवरच चालतो, तुमच्या फोनवर उघडणार नाही. त्यांनी उघडून बघितलं, खरंच उघडला नाही. ‘मग त्याचे पैसे कमी करा,’ त्या म्हणाल्या. मेकॅनिकने कोड स्कॅन केला, किती जमा झाले ते स्क्रीनवर त्यांना दाखवलं. अठरा रुपये. मी बिलात मजुरीच्या ओळीखाली तेवढे वजा केले आणि कोयता घेतला.